चौदा मीटर : वस्तीतला रस्ता सुरक्षित कसा होतो

वस्तीत अपघात झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : चूक कोणाची? चालकाचं लक्ष नव्हतं, पोरगं मध्येच धावलं, दुचाकीवाला उलट्या दिशेने घुसला, आजी सिग्नल सुटल्यावर चालू लागल्या. विम्याला आणि कोर्टाला हा प्रश्न लागतोच. पण तोच रस्ता उद्या सुरक्षित करायचा असेल, तर त्याच्या उत्तरातून हाती फारसं काही लागत नाही. बेसावध चालक उद्याही असणार आहेत आणि पोरं उद्याही धावणार आहेत. मग विचारायचं ते हे, की एवढ्याशा चुकीची किंमत इथे जिवाने का मोजावी लागते?

स्वीडनच्या संसदेने १९९७ साली हाच प्रश्न धरून रस्तासुरक्षेचं धोरण मंजूर केलं. 'व्हिजन झिरो' हे त्याचं नाव पुढे जगभर झालं. माणूस चुकणार हे गृहीत धरा, त्याचं शरीर किती मार सोसू शकतं ते बघा आणि रस्ता असा आखा की चूक झाली तरी मार त्या मर्यादेबाहेर जाणार नाही, असा त्यातला विचार. म्हणजे रस्ता वापरणाऱ्याची जबाबदारी होतीच, तिच्या जोडीला रस्ता आखणाऱ्याचीही आली. ऐकायला हे सौम्य वाटतं, पण 'मानवी चूक' असा शेरा मारून फाईल बंद करण्याची सवय जडलेल्या यंत्रणांसाठी ही उलथापालथ होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात रस्त्यांवर वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मरतात. त्यातली निम्म्याहून अधिक पायी, सायकलवर किंवा मोटरसायकलवर असतात, म्हणजे ज्यांच्याभोवती पत्रा नसतो अशी. ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण हेच आहे. या आकड्यातला मोठा वाटा हमरस्त्यांचा असला, तरी आपल्या हातात असतो तो आपल्या वस्तीतला रस्ता, म्हणून इथे बोलायचं ते त्याच्याबद्दल.

वेगाचं गणित

समजा, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या फटीतून एक मूल चेंडूमागे धावत आलं. तुमच्या गाडीपासून बरोबर चौदा मीटरवर. चौदा मीटर म्हणजे साधारण तीन मोटारी एकामागे एक लावल्यावर होणारी लांबी. डोळ्यांना मूल दिसणं, ते मूल आहे हे कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं, यात सावध चालकाचाही एक सेकंद तरी जातो. त्या सेकंदात गाडी आहे त्याच वेगाने पुढे सरकत असते.

ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ८.३ मीटर जाते. ब्रेक लागल्यावर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ती आणखी पाचेक मीटरमध्ये थांबते. बेरीज झाली सव्वातेरा मीटरच्या आसपास. म्हणजे मूल आणि बंपर यांच्यात जेमतेम हातभर अंतर राहतं. सगळे घाबरतात, कोणीतरी ओरडतं आणि लोक घरी जातात.

आता तीच गाडी ५० ने येऊ द्या. तिचा एक सेकंद म्हणजे १३.९ मीटर. चालकाचा पाय ब्रेकला टेकतो तेव्हा गाडी मुलापाशी पोचलेली असते. वेग जराही उतरलेला नसतो; धडक पुऱ्या ५० ची बसते. चालक तोच, त्याची सावधगिरी तेवढीच, ब्रेकही तेवढेच चांगले. आणि मधला, ४० चा चालक? तो उरलेल्या तीन मीटरांत ब्रेक दाबतो खरा, पण आदळताना गाडी ३३ च्या आसपास असते. हे गणित आदर्श परिस्थितीतलं आहे. पावसात, गुळगुळीत टायरवर किंवा चालकाचं मन दुसरीकडे असताना हे सगळे आकडे वाढतात. म्हणून ३० वर असलो की निर्धास्त, असंही समजू नये.

दुसरं गणित धडकेच्या जोराचं. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेत घोकलेलं असतं. रस्त्यावर त्याचा अर्थ असा होतो की ३० चे ५० झाले की ऊर्जा पावणेतीनपट होते. ३० च्या वेगाने धडक बसणं म्हणजे साडेतीन मीटरवरून, पहिल्या मजल्यावरून पडणं. ५० ची धडक म्हणजे जवळपास दहा मीटर, तिसरा मजला. पहिल्या मजल्यावरून पडलेला माणूस हाडं मोडून का होईना, बहुतेक वेळा वाचतो. मोटारीची धडक बसलेल्या पादचाऱ्यांच्या अभ्यासातही हेच दिसलंय : ५० च्या धडकेत मृत्यूचा धोका ३० च्या तुलनेत पाचपटीहून अधिक असतो.

एकट्या गाडीचं सोडा, संपूर्ण रस्त्याचा सरासरी वेग पाहिला तरी चित्र तेच. स्वीडिश संशोधक गोरान निल्सन यांनी मांडलेलं सूत्र या क्षेत्रात आज सर्रास वापरतात : सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघात सुमारे ४ टक्क्यांनी वाढतात. उतरणीलाही साधारण तोच हिशेब. त्यामुळे वस्तीत ताशी पाच-सात किलोमीटर वेग उतरवणं ही किरकोळ गोष्ट नाही.

यावर हमखास येणारी हरकत म्हणजे 'पोचायला उशीर होईल'. वस्तीतलं अर्ध्या किलोमीटरचं अंतर ५० ने ३६ सेकंदांत संपतं, ३० ने ६० सेकंदांत. फरक चोवीस सेकंदांचा. तोही कागदावरचा, कारण वळणं आणि चौक असलेल्या रस्त्यावर सलग ५० ने कोणी जाऊच शकत नाही. खरा वेळ सिग्नलवर आणि कोंडीत जातो. मधल्या मोकळ्या तुकड्यात दामटून गाडी हाणणारा पुढच्या सिग्नलला आपल्या शेजारीच उभा असतो.

पाटी लावली, तरी वेग का उतरत नाही

वेगमर्यादेची पाटी लावणं सर्वांत सोपं, म्हणून सगळीकडे आधी तेच होतं. नंतर पाटी गंजते आणि वेग आहे तिथेच राहतो. कारण चालक पाटी क्षणभर वाचतो, रस्ता मात्र सतत वाचत असतो. समोर रुंद, सरळ, मोकळा पट्टा दिसला की पाय आपोआप खाली जातो, आणि त्याला स्वतःला आपण वेगात आहोत असं वाटतही नाही. साठच्या वेगासाठी बांधलेल्या रस्त्यावर तीसची पाटी लावणं म्हणजे चालकाला दर क्षणी स्वतःशी भांडायला सांगणं. काही जण भांडतात, बरेच जण भांडत नाहीत.

रुंद रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता, हा समज आला महामार्गांवरून. तिथे तो बरोबर आहे. शंभरच्या वेगाने जाताना गाडी जराशी भरकटली तर बाजूला मोकळी जागा हवीच. तेच शास्त्र जसंच्या तसं वस्तीत आणलं, तिथे घोटाळा झाला. वस्तीत भरकटलेल्या गाडीच्या बाजूला मोकळी जागा नसते, माणसं असतात.

मग वेग उतरवायचा कसा? गाडीची मार्गिका अरुंद करून, लांब सरळ पट्ट्याला मध्ये हलकी नागमोडी वळणं देऊन, पदपथ चौकात थोडे पुढे आणून, झाडं लावून. आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित जागा म्हणजे चौकाचा कोपरा. कोपऱ्याची गोलाई मोठी असली की गाडी वेग न उतरवता वळते. शिवाय पायी चालणाऱ्याला ओलांडायचं अंतरही नेमकं तिथेच वाढतं, म्हणजे तोटा दुहेरी. कोपरा आखूड केला की वळणाऱ्या गाडीला मुकाट्याने पंधरा-वीसवर यावं लागतं. 'मग अग्निशमनाचा बंब कसा वळणार?' हा प्रश्न रास्त आहे, त्याला उत्तरही आहे : कोपऱ्याचा बाहेरचा भाग थोडा उंच, खडबडीत फरशीचा करायचा. मोटार त्यावर जाणं टाळते, मोठ्या वाहनाची चाकं त्यावरून आरामात जातात.

कोपऱ्याला किती जागा खरंच लागते, हे ठरवायला महागडा सर्व्हे लागत नाही. पानगळीच्या दिवसांत किंवा धूळ साचली असताना सकाळी चौकात जाऊन उभं राहा. चाकांनी झाडून काढलेले पट्टे स्वच्छ दिसतात आणि त्यांच्या मधे, कोपऱ्यांत, पानांचे आणि धुळीचे त्रिकोण तसेच पडलेले असतात. त्या त्रिकोणांवरून दिवसभरात एकही चाक गेलेलं नसतं. ती जागा रस्त्याला नको आहे, पदपथाला देता येते. बर्फ पडणाऱ्या शहरांत लोक हिवाळ्यात याच त्रिकोणांचे फोटो काढून पालिकेला दाखवतात.

गतिरोधक : औषध बरोबर, मात्रा चुकीची

अपघातानंतरची पहिली मागणी बहुतेक वेळा गतिरोधकाची असते, म्हणून त्याच्याबद्दल थोडं सविस्तर. याच्या सुरुवातीच्या शिल्पकारांत चक्क एक नोबेल विजेता भौतिकशास्त्रज्ञ आहे. क्ष-किरणांवरच्या कामासाठी गाजलेले आर्थर कॉम्प्टन अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि आवारातल्या भरधाव गाड्यांना वैतागून त्यांनी १९५३ मध्ये रस्त्यावरच्या उंचवट्याचा आराखडा स्वतः काढला. पुढे १९७० च्या दशकात ब्रिटनच्या वाहतूक प्रयोगशाळेत वेगवेगळे आकार तपासले गेले आणि त्यातून जो चांगला ठरला तो सुमारे ३.७ मीटर लांबीचा, १० सेंटिमीटरपर्यंत उंचीचा, सावकाश चढणारा आणि सावकाश उतरणारा.

आता रस्त्यांवर जे दिसतं ते आठवून बघा. हातभर रुंदीचा, टोकदार, अचानक उगवलेला उंचवटा. याची गंमत अशी की तो नेमक्या चुकीच्या माणसाला शिक्षा करतो. आखूड उंचवट्यावरून हळू जाणाऱ्याला पूर्ण दणका बसतो. वेगात जाणाऱ्याचा बराचसा धक्का टायर आणि स्प्रिंग गिळून टाकतात. लांब, पसरट गतिरोधकाचं उलट असतं : मर्यादेत गेलात तर नुसती लाट जाणवते, वेगात गेलात तर अख्खी गाडी उसळते. आखूड उंचवट्याने दुचाकीवाले घसरतात, पाठीचे रोगी आणि गर्भवती बायका हैराण होतात, रुग्णवाहिकेतल्या माणसाचे तर हालच.

शिवाय एकट्या गतिरोधकाचा उपयोग त्याच्या आजूबाजूच्या काही मीटरांपुरता. पुढे मोकळा रस्ता मिळाला की चालक गमावलेला वेळ भरून काढायला जास्तच जोरात निघतो. म्हणून ते शंभरेक मीटरच्या आत एकापाठोपाठ एक असावे लागतात. रात्री दिसतील असे पट्टे आणि वर दिवा हवाच. न रंगवलेला गतिरोधक हाच अपघाताचं कारण होतो. आणि पावसाचं पाणी कुठून जाणार हे आधी ठरवून घ्यावं, नाहीतर पावसाळ्यात त्याच्यामागे तळं साचतं आणि लोकच तो फोडून टाकतात.

यातला मला सर्वांत पटणारा प्रकार म्हणजे उंच केलेलं क्रॉसिंग. गतिरोधकाचा माथा सपाट आणि रुंद करून त्यावरच झेब्रा पट्टे मारायचे, पदपथाच्या पातळीला. पायी चालणाऱ्याला खाली उतरावं लागत नाही. चढून उतरायचं काम गाडीने करायचं. चाकाची खुर्ची, बाळाची गाडी, काठी टेकत चालणारे, सगळे सरळ जातात.

झेब्रा पट्ट्यांचा भ्रम

नुसते पांढरे पट्टे मारले की ओलांडणं सुरक्षित होतं, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत चार्ल्स झेगीर आणि सहकाऱ्यांनी हजारो ठिकाणं तपासून २००५ मध्ये जो अहवाल दिला, त्याने या समजाला तडा दिला. दोन मार्गिकांच्या साध्या रस्त्यावर पट्टे असण्या-नसण्याने फारसा फरक दिसला नाही. पण अनेक मार्गिकांच्या आणि दिवसाला १२ हजारांहून जास्त वाहनं वाहणाऱ्या रस्त्यांवर, बाकी काही न करता नुसते पट्टे मारलेल्या जागी पादचाऱ्यांचे अपघात पट्टे नसलेल्या जागांपेक्षा जास्त होते.

असं का व्हावं? यातला एक नेहमीचा प्रसंग असा. कडेच्या मार्गिकेतला भला चालक तुम्हाला पाहून थांबतो. हाताने 'जा' अशी खूणही करतो. तुम्ही निघता. त्याच्या शेजारच्या मार्गिकेतून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही, कारण मध्ये ही थांबलेली गाडी आडवी आहे. ती बस असेल तर विचारायलाच नको. त्याला वाटतं, हा उगाच थांबलाय, आणि तो बाजूने काढतो. पहिल्याच्या सौजन्यातून दुसऱ्याचा अपघात घडतो.

उपाय पट्टे पुसण्यात नाही, पट्ट्यांना सोबत देण्यात आहे. रस्त्याच्या मध्यावर उभं राहण्यापुरता सुरक्षित ओटा केला की माणसाला एका वेळी एकाच दिशेची वाहनं बघावी लागतात. गाड्या थांबण्याची रेघ क्रॉसिंगपासून काही मीटर मागे घेतली की शेजारच्या मार्गिकेतल्यालाही पादचारी दिसतो. आणि क्रॉसिंगच्या तोंडाशी पार्किंग बंद. हे शेवटचं काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त भांडणाचं. पाच-सहा वर्षांचं मूल उभ्या मोटारीमागे जवळजवळ पूर्ण झाकलं जातं. गाडी येतेय का ते बघायला त्याला रस्त्यावर डोकं काढावं लागतं, आणि त्या वयात समोरून येणाऱ्या गाडीचा वेग नीट जोखता येत नाही. कितीही शिकवलं तरी नाही. ती क्षमताच वाढत्या वयाबरोबर येते. न्यूयॉर्कशेजारच्या होबोकेन या छोट्या, दाटीवाटीच्या शहराने चौकाचौकांत कोपऱ्यालगतचं पार्किंग काढून तिथे खांब, कुंड्या, सायकल स्टँड बसवले. नुसती रंगवलेली 'पार्किंग नाही'ची खूण पुरत नाही, तिथे काहीतरी उभं असावं लागतं. २०१७ पासून पुढची सात वर्षं त्या शहरात रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही. श्रेय एकट्या या उपायाला देता येणार नाही, वेगमर्यादा आणि सिग्नलच्या वेळाही बदलल्या होत्या. पण कोपऱ्यांचं काम त्यात मोठं होतं.

मोठ्या शहरांनाही हे साधलं आहे. नॉर्वेची राजधानी ऑस्लो इथे २०१९ या पूर्ण वर्षात एकही पादचारी किंवा सायकलस्वार दगावला नाही. ही नशिबाची गोष्ट नव्हती. वर्षानुवर्षं वेग उतरवणं, पार्किंग कमी करणं, शाळांभोवती गाड्यांना मज्जाव करणं, असं सगळं करून तिथवर पोचले.

लोक रस्त्यावर उतरले तेव्हा

नेदरलँड्स म्हटलं की सायकली डोळ्यांसमोर येतात आणि वाटतं, ते लोक पहिल्यापासूनच तसे. तसं काही नव्हतं. १९७१ मध्ये त्या छोट्याशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात ४०० हून अधिक मुलं होती. स्वतःची मुलगी अपघातात गमावलेल्या एका पत्रकाराच्या लेखातून पालकांची चळवळ उभी राहिली. नाव अंगावर येणारं : 'मुलांचे खून थांबवा'. पालकांनी रस्ते अडवले, मुलांना खेळायला रस्ते बंद करून घेतले, संसदेपर्यंत धडक मारली.

त्याच सुमारास डेल्फ्ट शहरातल्या काही गल्ल्यांत पदपथ आणि रस्ता हा भेदच काढून टाकण्यात आला. झाडं, बाकं, वळणं अशी मांडणी केली की गाडीने आत यायचं ते पाहुण्यासारखं, माणसाच्या चालीने. या गल्ल्यांना १९७६ मध्ये तिथल्या कायद्यात जागा मिळाली. पुढे हान्स मोंडरमन या डच वाहतूक अभियंत्याने हा विचार चौकांपर्यंत नेला आणि सिग्नल, पाट्या, रेघा काढून टाकल्या, म्हणजे चालकाला माणसांच्या डोळ्यांत बघूनच पुढे जावं लागेल. मला हा प्रयोग हुशारीचा वाटतो, सरसकट लागू करण्याजोगा वाटत नाही. ज्याला दिसत नाही, त्याने नजरेला नजर कशी द्यायची? अंध व्यक्तींच्या संघटनांनी अनेक देशांत हीच हरकत घेतली आहे आणि ती बिनतोड आहे. पदपथाची कड त्यांच्या काठीला लागते तेव्हाच त्यांना कळतं की रस्ता इथे सुरू झाला.

अंधार, भीती आणि शेजार

सुरक्षित रस्ता म्हणताना बऱ्याच जणांच्या, विशेषतः बायकांच्या मनात गाडी नसतेच. छेडछाड, चोरी, मागे येणारी पावलं असतात. हा विषय वेगळा वाटतो, पण तो त्याच रस्त्याचा भाग आहे.

दिव्यांपासून सुरुवात करू. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सार्वजनिक घरांच्या काही वसाहतींत तात्पुरते दिव्यांचे मनोरे लावले गेले. कुठे लावायचे ते सोडत काढून ठरवलं, म्हणजे तुलना खरी व्हावी. तिथे रात्री घराबाहेर घडणाऱ्या गंभीर गुन्ह्यांत सुमारे ३६ टक्के घट आढळली. पण दिवे वाढवणं म्हणजे झगमगाट वाढवणं नव्हे. एक प्रखर दिवा आणि पुढे वीस मीटर काळोख, यात डोळे दिपतात आणि काळोख आणखी गडद वाटतो. प्रकाश सारखा पसरलेला हवा, समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू यावा इतपत. बऱ्याच ठिकाणी दिवा असतो, त्याच्यावर झाडाची फांदी आलेली असते. ती छाटणं हे नवा खांब रोवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

कॅमेऱ्यांबद्दल थोडं हात राखून बोलावं लागेल. पार्किंगच्या जागी त्यांनी वाहनचोरी कमी होते असं अभ्यास सांगतात. रस्त्यावरच्या मारामाऱ्या आणि हल्ले त्यांनी फारसे थांबत नाहीत. घडून गेल्यावर तपासाला ते कामी येतात. भीती ज्याला वाटते, त्याला 'उद्या पुरावा मिळेल' यात दिलासा नसतो.

त्याला दिलासा देतो तो रस्त्यावरचा दुसरा माणूस. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये 'रस्त्यावरचे डोळे' ही कल्पना मांडली : खिडक्या, उघडी दारं, दुकानं, ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं, यांची सहज पडणारी नजर हीच पहिली राखण. लांबलचक बंद कुंपणभिंतीच्या गल्लीत कोणी चालू इच्छित नाही, म्हणून तिथे कोणी नसतं, म्हणून तिथे भीती वाटते.

इथेच वाहनांचा धागा परत येऊन मिळतो. शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या जवळपास सारख्याच, फक्त रहदारीत वेगळ्या असलेल्या तीन रस्त्यांवरच्या रहिवाशांशी बोलून पाहिलं. दिवसाला दोन हजार वाहनांच्या रस्त्यावर माणसाला आपल्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र होते. सोळा हजार वाहनांच्या रस्त्यावर ०.९. तिथले लोक मागच्या खोल्यांत राहायला गेले होते, पुढच्या खिडक्या बंद ठेवत होते. म्हणजे वाहनांची गर्दी आणि वेग वाढला की डोळे आत जातात. रस्ता शांत केला की ते परत बाहेर येतात. ॲपलयार्ड स्वतः १९८२ मध्ये अथेन्समध्ये एका भरधाव गाडीखाली सापडून गेले.

आपल्या हातात काय

तक्रार करताना 'गाड्या फार जोरात जातात' असं लिहिलं, तर पलीकडून 'नोंद घेतली' एवढंच उत्तर येतं. आकडा लिहिला तर त्याला उत्तर द्यावं लागतं. वेग मोजायला रडार लागत नाही. रस्त्याकडेला ५० मीटर मोजून दोन खुणा करा आणि मोबाईलवरचं स्टॉपवॉच काढा. गाडीचं पुढचं चाक पहिल्या खुणेवरून दुसऱ्या खुणेवर सहा सेकंदांत पोचलं तर वेग ३०. साडेतीन-पावणेचार सेकंदांत पोचलं तर ५०. वाहतूक मोकळी असताना शंभर गाड्या मोजा. कोंडीत मोजलेला वेग खोटा दिलासा देतो. मग वेगाचे आकडे उतरत्या क्रमाने, सर्वांत वेगवान गाडी वर, असे लावा आणि वरून पंधरावा बघा. अभियंते नेमका हाच आकडा वापरतात, म्हणून त्यांच्याशी बोलताना तो जवळ असलेला बरा.

दुसरी नोंद 'थोडक्यात वाचलं' अशा प्रसंगांची. एखाद्या चौकात अपघात सुदैवाने विरळ असतात, त्यामुळे तेवढ्यावर थांबलं तर जीव जाईपर्यंत वाट बघावी लागते. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात यासाठी पद्धतच विकसित झाली : करकचून लागलेले ब्रेक, ऐन वेळी मारलेली वळणं, मागे उडी मारलेला पादचारी, हे मोजायचं. शाळा सुटण्याच्या वेळी दोघांनी चौकाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर तासभर उभं राहून नुसत्या खुणा केल्या तरी पुरे. दुभाजकाच्या गवतात पडलेली पायवाट दिसली तर तीही नोंदवा. लोकांना तिथेच ओलांडायचंय आणि क्रॉसिंग भलतीकडे आहे, असा तिचा अर्थ. कुंपण घालून ती बंद करण्याआधी क्रॉसिंग तिथे आणता येतं का ते बघावं.

अंधाराच्या बाबतीत १९८९ मध्ये टोरांटोमधल्या एका महिला संस्थेने रुजवलेली पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे. संध्याकाळी काही बायकांनी एकत्र वस्तीतून चालायचं आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचं : इथून पुढे काय दिसतं, ओरडलं तर कोणाला ऐकू जाईल, पळायचं झालं तर वाट कुठे? या फेरीत नकाशे करणाऱ्यांनीही असावं, पण बोलू द्यावं ते रोज तिथून चालणाऱ्यांना.

हे सगळं घेऊन कायमचं बांधकाम मागण्यापेक्षा आधी तात्पुरती चाचणी मागावी. रंग, शंकू, कुंड्या, काही आठवडे. परवानगीनेच, स्वतःहून रस्त्यात अडथळे ठेवले आणि कोणी त्यावर आदळलं, तर ते आपल्याच अंगावर येतं. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवरून गाड्या हटवल्या त्या २००९ मध्ये अशाच चाचणी म्हणून, साध्या खुर्च्या मांडून. २०१० मध्ये तो बदल कायम झाला. चाचणीचा मोठा फायदा विरोधकांना होतो, आणि म्हणून विरोध मवाळ होतो. न पटल्यास काढता येईल, हे त्यांना दिसत असतं. चाचणीच्या आधी आणि नंतर त्याच दोन खुणांमध्ये वेग मोजा. शेजारच्या गल्लीतही मोजा, कारण एक रस्ता शांत केला की वाहनं बाजूच्या रस्त्याने वाट काढतात आणि आपलं दुखणं शेजाऱ्याकडे जातं. बार्सिलोनाने म्हणूनच एकेका रस्त्याऐवजी इमारतींच्या नऊ-नऊ ठोकळ्यांचे गट एकदम हातात घेतले : बाहेरून जाणारी वाहतूक गटाच्या कडेने, आत फक्त तिथल्यांची.

दुकानदारांना पार्किंग जाण्याची धास्ती असते, तिची टर उडवू नये. अनेक शहरांतल्या पाहण्यांत असं दिसलंय की आपले किती गिऱ्हाईक गाडीने येतात, याचा दुकानदारांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त असतो. पण हे त्यांना ऐकवण्यापेक्षा त्यांच्याच दारात दोन दिवस मोजून दाखवावं. माल उतरवायला जागा आणि वेळ राखून ठेवली, तर निम्मं भांडण तिथेच मिटतं.

आणि या सगळ्यात मुहूर्ताला महत्त्व आहे. चौकाचा कोपरा बदला, मार्गिका अरुंद करा, असं एरवी सांगितलं की पैसे नाहीत हे उत्तर तयार असतं. मात्र दर काही वर्षांनी रस्त्याचं डांबरीकरण होतं, नाहीतर पाण्याची किंवा ड्रेनेजची लाईन टाकायला तो उकरला जातो. त्या कामाची यादी आधी ठरलेली असते आणि विचारलं तर बघायला मिळते. आपला रस्ता यादीत असेल तर मोजलेले आकडे आणि कोपऱ्यांचे फोटो निविदा निघण्याआधी पोचले पाहिजेत. डांबर पडल्यावर जुन्या रेघा पुसल्या जातातच; नव्या मारणारा माणूस ब्रश घेऊन उभा असतो आणि हातातल्या कागदावर असेल तिथे तो रेघ मारतो.